नदीचा विसर्ग आणि विरघळलेली रसायनं: मुंबईच्या नद्यांवर हे नातं कसं मोजायचं?

ओहळ (धागाकर्ता)

मुंबईतल्या नद्यांच्या पाणी-तपासणीच्या तक्त्यांत एक रकाना बहुतेक वेळा नसतोच: विसर्गाचा. क्लोराइड १२० मिग्रॅ/लिटर आलं हे कळतं. त्या क्षणी नदीतून सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी जात होतं की वीस घनमीटर, हे कळत नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २३०० मिमी पाऊस पडतो, बाकीचं वर्ष जवळजवळ कोरडं. अशा शहरात मे महिन्यातला नमुना आणि जुलैमधला नमुना शेजारी ठेवून 'नदी सुधारली' म्हणणं चुकीचं आहे, आणि ते वारंवार म्हटलं जातं.

मूळ समीकरण साधं आहे (संहती म्हणजे एका लिटर पाण्यात किती रसायन आहे ते; क आणि घ हे आकडे मोजमापांवरून बसवायचे):

संहती = क × (विसर्ग)^घ

दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की सरळ रेष मिळते. तिचा चढ म्हणजे घातांक घ. तो −१ च्या जवळ असेल तर दर सेकंदाला नदीत येणारं वस्तुमान ठरावीक आहे आणि वाढलेलं पाणी ते फक्त पातळ करतंय. घ शून्याजवळ असेल तर पाणी दहापट झालं तरी संहती तीच राहते, म्हणजे पाण्याच्या प्रमाणात रसायनही सुटत जातंय. घ धन असेल तर रसायनाचा साठा जमिनीच्या वरच्या थरात किंवा रस्त्या-गटारांत आहे आणि पाणी वाढलं की तो मोकळा होतो.

गॉडसे, कर्चनर आणि क्लो यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या ५९ पाणलोट क्षेत्रांची आकडेवारी तपासली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका या खडकातून येणाऱ्या घटकांची संहती विसर्ग कितीतरी पटींनी बदलला तरी फार थोडी हलते, असं त्यांना दिसलं. याचं एक महत्त्वाचं कारण असं की पावसात ओढ्याला येणारं बरंचसं पाणी त्या दिवशीच्या पावसाचं नसतं. आधीपासून मातीत आणि भेगांत मुरलेलं जुनं पाणी नव्या पाण्याच्या दाबाने बाहेर पडतं, आणि त्याचा खडकाशी संपर्क आधीच भरपूर झालेला असतो.

मुंबईत हे तपासायला उत्तम जागा आहे. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून उतरते आणि मग वस्तीत शिरते. मोजणीचं एक ठाणं उद्यानाच्या हद्दीच्या आत, दुसरं वस्ती ओलांडल्यावर पण भरतीच्या पाण्याच्या वर. खडक तोच (बेसाल्ट), पाऊस जवळजवळ तोच. दोन्ही ठिकाणच्या रेषांत जो फरक पडेल त्याचा मोठा भाग शहराने घातलेला. मोजमापाचा अनुभव असलेल्यांनी इथे तपशील लिहावेत.

लॉगपेपर

घातांकाबद्दल एक इशारा सुरुवातीलाच देतो, कारण बहुतेक प्रबंध इथेच घसरतात. सांडपाण्याचा स्रोत पूर्ण स्थिर असला तरी घ −१ येत नाही, कारण पावसाच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतंच. कल्पित उदाहरण घ्या. सांडपाण्यातून ५६ ग्रॅम/सेकंद क्लोराइड येतंय आणि बाकी पाण्यात ८ मिग्रॅ/लिटर आहे. मग

संहती = ५६ ÷ विसर्ग + ८

विसर्ग ०.५ घमी/से (घनमीटर प्रति सेकंद) असताना १२० मिग्रॅ/लिटर, २ असताना ३६, ५ असताना १९.२ आणि २० असताना १०.८. आता चढ काढा. ०.५ ते २ या टप्प्यात −०.८७, ५ ते २० या टप्प्यात −०.४२, आणि पूर्ण टप्प्याला एकच रेष टोकापासून टोकापर्यंत ओढली तर −०.६५. नदी एकच, स्रोत एकच, आणि तीन वेगळे घातांक. म्हणजे नमुने कोणत्या विसर्गात घेतले त्यावर उत्तर ठरलं.

म्हणून शहरी ठाण्यासाठी घातसूत्राऐवजी सरळ वरचं दोन पदांचं सूत्र बसवा. १ ÷ विसर्ग हा आडवा अक्ष घेतला की साधी सरळ रेष येते. तिचा चढ म्हणजे सांडपाण्याचा भार (ग्रॅम/सेकंद) आणि उभ्या अक्षावरचा छेद म्हणजे पसरट स्रोताची (सांडपाणी सोडून बाकी सगळीकडून येणाऱ्या पाण्याची) संहती. दोन्ही आकड्यांना प्रत्यक्ष अर्थ आहे, तसा 'क'ला नसतो. फक्त या मांडणीत कमी विसर्गाचे दोन-चार नमुनेच रेष खेचून नेतात, त्यामुळे त्या वेळचा विसर्ग काळजीपूर्वक मोजा.

दुसरी गोष्ट. भार (संहती × विसर्ग) विरुद्ध विसर्ग असा आलेख काढून 'आर-वर्ग (रेष आकड्यांना किती नीट बसते त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.९५ आला' असं कुणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका. विसर्ग दोन्ही अक्षांवर आहे, नातं दिसणारच. संहती विरुद्ध विसर्ग हाच आलेख काढा.

मोजपट्टी

विसर्ग मोजण्याबद्दल.

उद्यानातल्या ओढ्यात, पाणी गुडघ्याखाली आणि खळाळतं असताना, मिठाची पद्धत सर्वांत स्वस्त आणि चांगली. वनखात्याची परवानगी आधी काढा. अर्धा घमी/से च्या आसपास विसर्ग असेल तर २ किलो साधं मीठ १२-१५ लिटर ओढ्याच्याच पाण्यात बादलीत पूर्ण विरघळवून घ्या. तळाशी खडे राहिले तर हिशेब चुकतो. द्रावण एकदम ओता. ईसी मीटर (विद्युतवाहकता मोजणारा) खाली, पात्राच्या रुंदीच्या किमान २५ पट अंतरावर: ३ मीटर रुंद ओढा असेल तर ७५ मीटर. मधे डोह नको, मीठ तिथे अडकून आलेखाची शेपटी लांबते. दर ५ सेकंदांनी नोंद, आणि ईसी मूळ पातळीवर परत येईपर्यंत थांबायचं.

विसर्ग = मिठाचं वस्तुमान ÷ (गुणक × ईसीच्या आलेखाखालचं, मूळ पातळीच्या वरचं क्षेत्रफळ)

गुणक साधारण ०.५ मिग्रॅ/लिटर प्रति मायक्रोसीमेन्स/सेंमी असतो. पण ओढ्याचंच एक लिटर पाणी घेऊन त्यात ज्ञात मिठाचं द्रावण थोडं थोडं घालून तो स्वतः काढा. २००० ग्रॅम मीठ आणि क्षेत्रफळ ८००० (मायक्रोसीमेन्स/सेंमी × सेकंद) आलं तर २००० ÷ (०.५ × ८०००) = ०.५ घमी/से. दोन्ही काठांवर एकेक मीटर लावा. दोघांच्या क्षेत्रफळात १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर मीठ नीट मिसळलेलं नाही, अंतर वाढवा.

खालच्या ठाण्यावर ही पद्धत चालत नाही. सांडपाण्यामुळे ईसी मुळातच जास्त आणि मिनिटामिनिटाला हलणारी असते, त्यात मिठाचा उंचवटा बुडून जातो. तिथे पुलावरून तरंगता ठोकळा किंवा संत्रं सोडून पृष्ठवेग काढा, ०.८५ ने गुणा आणि पात्राच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणा. पात्राच्या तीन-चार पट्ट्या पाडून प्रत्येकीचा वेग वेगळा घ्यायचा. पुराच्या पाण्यात उतरायचं नाही. वाहून जाण्याचा धोका आहेच, शिवाय लेप्टोस्पायरोसिसचाही आहे.

पाणीपातळी ते विसर्ग हा वक्र बसवायला वेगवेगळ्या पातळ्यांवर निदान ८-१० मोजमापं लागतात. इथली खास अडचण म्हणजे मान्सूनपूर्व नालेसफाई. गाळ काढला की पात्राचा छेद बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा वक्र या वर्षी वापरता येत नाही. भर पावसात पुलाखाली प्लास्टिक आणि फांद्या अडकल्या की मागे पाणी तुंबतं: पातळी वाढते, विसर्ग वाढत नाही. रोज पुलाचा एक फोटो वेळेसह ठेवा, नंतर आकडे गाळताना तोच उपयोगी पडतो.

आणि पातळीचा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) बंद प्रकारचा असेल तर तो हवेचा दाबही धरून मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे १ सेंटीमीटर पाणी. कमी दाबाचं क्षेत्र आलं की दाब काही हेक्टोपास्कलने सहज उतरतो, आणि ऑक्टोबरातल्या बारीक प्रवाहात ३-४ सेंटीमीटरची चूक म्हणजे विसर्गाचा आकडा पार चुकला. हवेच्या दाबाचा वेगळा लॉगर काठावर ठेवा.

एमएस्सी_भाग२

उपयुक्त माहिती. दोन प्रश्न आहेत. बजेट फार नाही, तर फक्त ईसी लॉगर लावून भागेल का? आणि आठवड्यातून एक नमुना पुरेल का?

रसायन_वही

ईसीने बरंच भागेल, सगळं नाही. वरच्या ठाण्यावर ईसी आणि बायकार्बोनेट-कॅल्शियम यांचं नातं घट्ट असण्याची शक्यता जास्त, तिथे २०-२५ नमुन्यांवर ते बसवून घ्या आणि बाकी काळ ईसी वाचा. खालच्या ठाण्यावर ईसी वाढली ती क्लोराइडने, अमोनियमने की बांधकामाच्या सिमेंटी पाण्याने, हे ईसी सांगू शकत नाही. आकडे २५ अंश सेल्सिअसला आणूनच वापरा, दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो. १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात दर आठवड्याला तपासणी हवी. सांडपाण्यात सेन्सरवर शेवाळी थर चढतो आणि वाचन हळूहळू सरकत जातं. ते सरकणं नंतर 'ऋतूचा कल' म्हणून प्रबंधात जातं. मऊ ब्रशने साफ करा, साफ करण्याआधीचं आणि नंतरचं असं दोन्ही वाचन लिहा.

नमुन्यांचं:

गाळणं जागेवरच, ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून. पहिले ५०-१०० मिली टाकून द्या. धन आयनांसाठी आम्लाने धुतलेली एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) बाटली आणि नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. क्लोराइड, सल्फेटसाठी आम्ल न घातलेली वेगळी बाटली. नायट्रेटच्या बाटलीत नायट्रिक आम्ल पडलं तर सगळा नमुना वाया, म्हणून झाकणांना रंग ठरवून द्या. नायट्रेट ४ अंशांवर ठेवून ४८ तासांत करा. सिलिकासाठी काचेची बाटली नको आणि नमुना गोठवायचा नाही, कारण गोठवल्यावर सिलिकाचे रेणू जुळतात आणि आकडा कमी येतो. अल्कधर्मीपणाचं टायट्रेशन (०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल) त्याच दिवशी.

शेवटी धन आणि ऋण आयनांच्या विद्युतभारांचा ताळा. फरक ±५ टक्क्यांत असावा, पातळ पाण्यात ±१० पर्यंत चालवून घेता येतो. खालच्या ठाण्यावर ताळा नेहमी एकाच बाजूला झुकत असेल तर बहुधा अमोनियम मोजायचं राहिलंय.

लोह आणि ॲल्युमिनियमचा घातांक धन आला तर लगेच आनंदू नका. ०.४५ मायक्रॉनमधून मातीचे अतिसूक्ष्म कण पार होतात आणि 'विरघळलेले' म्हणून मोजले जातात. पुरात तेच वाढतात.

आठवड्यातून एक नमुना हा पाया म्हणून ठीक, पण पूर त्यात सापडत नाहीत. पुरातल्या नमुन्यांबद्दल लॉगपेपर सांगतीलच.

भरतीओहोटी

खालचं ठाणं 'भरतीच्या वर' असं धागाकर्त्याने लिहिलंय, त्यावर थोडं जोर देऊन लिहितो, कारण मुंबईत सर्वांत मोठी फसगत इथे होते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सुमारे १९,००० मिग्रॅ/लिटर असतं. नदीच्या पाण्यात फक्त १ टक्का समुद्रपाणी मिसळलं तरी १९० मिग्रॅ/लिटर वाढलं. तो आकडा सांडपाण्याच्या खात्यावर सहज टाकला जातो.

मिठी माहीमच्या खाडीला मिळते आणि भरतीचं पाणी बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुल) येतं. तिथे पातळी वाढली म्हणजे विसर्ग वाढला असं नाही, कधी कधी प्रवाह उलटाही वाहतो. तिथला संहती-विसर्ग आलेख काढूच नये.

तपासायची पद्धत: अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, पाऊस नसताना, उधाणाच्या भरतीच्या आधी दोन तासांपासून नंतर दोन तासांपर्यंत दर दहा मिनिटांनी तळाजवळ ईसी घ्या. खारं पाणी जड असतं, ते तळाने आत सरकतं. वरवरचं वाचन गोडं येईल आणि तुमची खात्री पटेल, पण ती चुकीची असेल. तळाची ईसी भरतीबरोबर हलली तर ठाणं आणखी वर न्या.

सोडियम मोजत असाल तर क्लोराइड ÷ सोडियम हे वजनी गुणोत्तरही पाहा. समुद्रपाण्यात ते सुमारे १.८ असतं. मात्र इथल्या पावसातही समुद्राचं मीठ असतं आणि सांडपाण्यातलं मीठही शेवटी मीठच, त्यामुळे केवळ गुणोत्तरावर निकाल देऊ नका.

बेसाल्ट

पावसाचा मुद्दा निघालाच आहे तर: पाऊस मोजल्याशिवाय वरच्या ठाण्याचा सोडियम वाचता येत नाही. नैऋत्य वारे समुद्रावरून मीठ घेऊन येतात. फनेल आणि बाटली असा साधा संग्राहक चालेल. फनेलच्या तोंडाशी टेबल टेनिसचा चेंडू ठेवला की बाष्पीभवन कमी होतं. प्रत्येक मोठ्या सरीनंतर बाटली बदला, पक्ष्यांची विष्ठा पडली असेल तर तो नमुना टाका. मग खडकातून आलेलं सोडियम = मोजलेलं सोडियम − ०.५६ × क्लोराइड (वजनी हिशेब). ही वजाबाकी फक्त वरच्या ठाण्यासाठी. खाली क्लोराइड सांडपाण्याचंही असतं, तिथे हे सूत्र लावलं की आकडे चुकतील.

दख्खनच्या बेसाल्टमधून मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका आणि बायकार्बोनेट येतं. उद्यानात यांचा घ शून्य ते −०.३ च्या दरम्यान अपेक्षित धरा. उतारावर मातीचा थर पातळ असेल तर मुसळधार पावसात बरंच पाणी मुरायच्या आत ओढ्यात येतं, त्यामुळे वरच्या टोकाला रेष खाली वाकलेली दिसू शकते. विरघळलेलं सेंद्रिय कार्बन बहुधा उलट वागेल: पाणी पालापाचोळ्याच्या थरातून येऊ लागलं की वाढेल.

नायट्रेटबद्दल खास सांगायचंय. खालच्या ठाण्यावर नायट्रेटचा घ धन आला तर 'जमिनीतून नायट्रेट धुऊन आलं' असा निष्कर्ष लगेच काढू नका. उन्हाळ्यात सांडपाण्याने भरलेल्या पात्रात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. नायट्रोजन अमोनियमच्या रूपात राहतो आणि असलेलं नायट्रेट जिवाणू संपवतात. पावसाने ऑक्सिजन वाढला की ही स्थिती पालटते. एकूण नायट्रोजन कमी होत असताना नायट्रेट वाढू शकतं. नायट्रेट, नायट्राइट, अमोनियम आणि विरघळलेला ऑक्सिजन हे चारही एकाच नमुन्यात मोजले नाहीत तर या नदीबद्दल नायट्रोजनचं काहीच बोलता येणार नाही.

मिठीवर काम करणाऱ्यांसाठी: विहार तलाव भरून वाहू लागला की वरच्या टप्प्याचं रसायनच बदलतं. तलावातलं पाणी दीर्घकाळ साठलेलं आणि एकसारखं मिसळलेलं असतं, संहती हलत नाही. सांडवा सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे नमुने एका रेषेत घालू नका.

लॉगपेपर

@एमएस्सी_भाग२, वारंवारितेबद्दल. या नद्या लांबीने लहान आहेत (मिठी सुमारे १८ किमी, दहिसर त्याहून कमी). जोरदार सरीत पूर तासाभरात चढतो आणि थोड्या तासांत उतरतो. तेव्हा चढत्या बाजूला दर १५ मिनिटांनी आणि उतरत्या बाजूला दर अर्ध्या-एक तासाने नमुना हवा. स्वयंचलित यंत्र २४ बाटल्यांचं असेल तर पातळी ठरावीक उंचीवर गेली की सुरू होईल असं लावा. घड्याळावर लावलं तर बाटल्या कोरड्या रात्रीच संपतील.

एकाच विसर्गाला चढताना एक संहती आणि उतरताना दुसरी असेल तर आलेखावर वळसा दिसतो. घड्याळाच्या दिशेने वळसा म्हणजे साठा जवळ आहे आणि लवकर संपतो, उदाहरणार्थ गटारांत आणि रस्त्यांवर साचलेलं. उलट दिशेने वळसा म्हणजे रसायन उशिरा पोहोचतंय, उतारावरून किंवा भूजलातून. मोजायचं असेल तर विसर्ग आणि संहती दोन्ही ० ते १ च्या पट्टीवर आणा आणि विसर्ग २५, ५० व ७५ टक्क्यांवर असताना 'चढतीची संहती वजा उतरतीची' काढा. धन आलं की घड्याळाच्या दिशेने. पण सर दोन टप्प्यांत पडली असेल तर हा निर्देशांक काढू नका, वळसा आठच्या आकड्यासारखा होतो आणि आकडा अर्थहीन ठरतो.

जूनचे पहिले पूर वेगळे ठेवा. आठ महिन्यांचा साठा त्यात जातो. त्यांचा आणि ऑगस्टच्या पुरांचा एकत्र घ काढला की सरासरी शून्याजवळ येऊन 'संहती स्थिर आहे' असा खोटा निष्कर्ष निघतो. यावर एक तपासणी आहे: संहतीचा विचरण गुणांक (प्रमाण विचलन ÷ सरासरी) ÷ विसर्गाचा विचरण गुणांक. घ शून्याजवळ आणि हे गुणोत्तरही लहान (साधारण ०.५ च्या खाली) असेल तरच संहती खरोखर स्थिर. घ शून्य पण गुणोत्तर मोठं असेल तर संहती भरपूर बदलतेय, फक्त विसर्गाच्या तालावर नाही. मग ऋतू, वेळ किंवा दुसरं कारण शोधा.

वेळेवरून: सांडपाणी सकाळी जास्त येतं. कोरड्या दिवसांतले सगळे नमुने सकाळी आठचे आणि पावसातले दिवसभराचे, असं झालं तर घातांक मुळाहून जास्त ऋण दिसेल. एक कोरडा दिवस निवडून २४ तास दर तासाला नमुने घ्या, म्हणजे हा चढउतार किती आहे ते कळेल.

एमएस्सी_भाग२

शोधमर्यादेखाली (उपकरणाला मोजता येणाऱ्या सर्वांत कमी संहतीखाली) आलेल्या आकड्यांचं काय करायचं? लॉग घ्यायचा असल्याने शून्य चालत नाही.

लॉगपेपर

शून्य घालू नका आणि सरसकट अर्धी मर्यादाही घालू नका, तशाने चढ कृत्रिमरीत्या सपाट होतो. 'मर्यादेपेक्षा कमी' अशीच नोंद ठेवा आणि टोबिट प्रकारचं समाश्रयण (असे आकडे 'कमी' म्हणूनच धरून रेष बसवण्याची पद्धत) वापरा. निम्म्याहून जास्त नमुने मर्यादेखाली असतील तर त्या घटकाचा घ काढूच नका.

आणि लॉगमधून परत साध्या आकड्यांत येताना सरासरी कमी दिसते. १९८३ चा डुआन यांचा 'स्मिअरिंग' गुणक लावा: अवशेषांचे (मोजलेला लॉग वजा रेषेवरचा लॉग) प्रतिलॉग काढून त्यांची सरासरी, तिने गुणायचं. भाराचा हिशेब करताना हा गुणक विसरला तर खाडीत जाणारं वस्तुमान कमी दाखवलं जातं.

ओहळ

भाराचा विषय निघाला म्हणून लॉगपेपर यांच्याच उदाहरणातले आकडे पुढे नेतो. ०.५ घमी/से ला १२० मिग्रॅ/लिटर म्हणजे ६० ग्रॅम/सेकंद. २० घमी/से ला १०.८ म्हणजे २१६ ग्रॅम/सेकंद. संहती अकरा पटींनी उतरली आणि खाडीत जाणारं क्लोराइड साडेतीन पटींहून वाढलं. त्या २१६ मधले १६० ग्रॅम पसरट स्रोताचे, म्हणजे मुख्यतः पावसाबरोबर आलेले, आणि सांडपाण्याचे तेच ५६. नुसती संहती छापणाऱ्या तक्त्यात यातलं काहीच दिसणार नाही.

ऋतूची सरासरी द्यायची असेल तर नमुन्यांची साधी सरासरी देऊ नका. (संहती × विसर्ग) यांची बेरीज ÷ विसर्गाची बेरीज, अशी विसर्गभारित सरासरी द्या, शेजारी साधीही द्या. या दोन्हींत मोठा फरक असेल तर तो लिहा आणि कोणत्या पुरांमुळे पडला ते तारखांसह सांगा.

@एमएस्सी_भाग२, दोन्ही ठाण्यांवर एकाच पुरात नमुने घ्यायचे असतील तर वरचं पाणी खाली पोहोचायला लागणारा वेळ आधी काढून ठेवा. वरच्या आणि खालच्या पातळी-लॉगरवर शिखर किती मिनिटांच्या अंतराने येतं ते पाहायचं, आणि हे अंतर लहान पुरात जास्त, मोठ्या पुरात कमी असतं. लॉगरची घड्याळं मोबाइलच्या वेळेशी दर भेटीत जुळवा, १५ मिनिटांच्या नमुन्यांत ५ मिनिटांची चूकही वळशाची दिशा फिरवू शकते.